खारशेतकरांचं दप्तर

दापोलीच्या स्टँडवर खारशेतची गाडी लागली, तेव्हा शमिकानं धावत जाऊन खिडकीची जागा पकडली. राजश्री तिच्या शेजारी बसली आणि ऋत्विकला मागच्या बाकावर दोन जड पिशव्या सांभाळत बसावं लागलं. शमिका आणि राजश्री दोघी खारशेतच्याच, आठवीच्या एकाच वर्गातल्या. ऋत्विक हा शमिकाचा चुलतभाऊ, सहावीत शिकणारा, दिवाळीच्या सुट्टीला विरारहून आलेला. फराळाचा कंटाळा आला म्हणून त्यानं स्टँडवर टोपली घेऊन बसणाऱ्या चिमाकडून खारे शेंगदाणे घेतले होते. गाडी बुरोंडीच्या वाटेला लागली तशी पुडी रिकामी झाली, आणि मग त्यानं एक शब्द न बोलता ती पुढच्या सीटवरून शमिकाच्या मांडीवर टाकली.

"कचरा मला कशाला देतोस?" शमिका म्हणाली.

"वाच आधी."

पुडीचा कागद वर्तमानपत्राचा नव्हता. जाड, पिवळसर, हाताला कापडासारखा लागणारा कागद होता तो. त्यावर निळ्या-काळ्या शाईत रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'मयत तारीख ९ माहे जून सन १९३४. सारूबाई भ्रतार दाऊदजी खारशेतकर. वय अदमासे साठ. ताप. सड्यावर दफन केली.' त्याच्याखाली एक ओळ कुठल्याशा वेगळ्याच लिपीत होती. चौकोनी, जाड माथ्यांची अक्षरं. गावातल्या उर्दू शाळेच्या पाटीवरच्या अक्षरांशीही ती जुळत नव्हती.

राजश्रीला गप्प बसणं कधी जमत नसे. तिनं तिथल्या तिथे तर्क लढवायला सुरुवात केली. खारशेतकर म्हणजे आपल्या गावचेच. पण गावात तर एकही खारशेतकर नाही. आणि सड्यावर दफन? सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्याचं उघडं पठार. तिथे गवत, करवंदीच्या जाळ्या आणि गुरं. जुन्या घरांची पडकी जोती असावीत अशा दगडांच्या काही रांगा होत्या, पण त्यांना कुणी कबरी म्हटल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

शमिका मात्र कागद उलटसुलट करून बघत होती. हा कागद तिनं याआधी पाहिला होता. कुठे पाहिला होता तेही तिला ठाऊक होतं, आणि तो शेंगदाण्यांच्या पुडीत कसा आला हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

शमिकाचे बाबा, निलेश, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. लहानपणापासून शमिका त्या पेटीवर बसून पुस्तकं वाचत आली होती. एकदा बाबांनीच ती उघडून दाखवली होती. आत खारव्याच्या लाल कापडात बांधलेलं एक जाडजूड दप्तर होतं आणि त्यात असली चौकोनी अक्षरं होती. कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिलंय, आपण फक्त सांभाळायचं, असं बाबा तेव्हा म्हणाले होते. नुकतीच, दिवाळीच्या आधी, वाचनालयाची सरकारी तपासणी झाली. त्यासाठी बाबांनी मागची खोली झाडून स्वच्छ केली. त्यानंतर शमिका तिकडे गेलीच नव्हती.

घरी पोचल्यावर तिला अंगणात चपलांशेजारी खेळाचे पांढरे बूट दिसले. ओटीवर एक म्हातारी बाई बसली होती. आखूड कापलेले पांढरे केस, अंगात पँट-शर्ट, आणि बोलणं मात्र गावातल्या सगळ्यात जुन्या माणसांसारखं. शेजारच्या मथुराकाकूंकडे त्या उतरल्या होत्या. त्यांचं नाव रिबेका. त्या इस्राएलहून आल्या होत्या.

"पण जन्म हितलाच हो माझा," त्या बाबांना सांगत होत्या. "ती खालची तेलीआळी. सहा घरं होती आमची. शनवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं."

त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. त्या ज्यू लोकांना बेने इस्राएल म्हणतात. कोकणात ते शेकडो वर्षं राहिले, मराठीच बोलत आले, आपल्या प्रार्थनास्थळाला मात्र मशीद म्हणायचे आणि प्रार्थना हिब्रूत करायचे. गावातल्या सहाही घरांचे जन्म, लग्नं आणि मरणं त्यांचे मुकादम, म्हणजे समाजाचे पुढारी, एका दप्तरात लिहून ठेवत. त्रेपन्न साली सगळीच घरं देश सोडून गेली, तेव्हा रिबेका सात वर्षांच्या होत्या. बोटीवर सामानाला मर्यादा होती. त्यांच्या वडिलांनी, बन्याजींनी, दप्तर पेटीत घालून वाचनालयात ठेवलं. आमच्यातलं कुणीतरी न्यायला येईल, असं सांगून ते गेले.

"जाण्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. दानियेल. चार महिन्यांचा होता. त्याच्यावर नावाचा दगड बसवायचा राहिला. आई नव्वद वर्षांची होऊन वारली, पण शेवटपर्यंत तिच्या तोंडी तेच. बाळाला नाव नाय गो, म्हणायची." त्यांनी पिशवीतून हाताच्या पंजाएवढी संगमरवरी पाटी काढून दाखवली. "ही आणलीय. पण कुठं बसवू? सड्यावर जाऊन आले मी सकाळी. दगडच दगड. कुठला कुणाचा, ते त्या दप्तरात लिहिलेलं आहे. परवा सकाळी मला मुंबईला निघायचंय. ती पेटी तेवढी मला बघू द्या."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"मावशी, कसं सांगू तुम्हाला," ते म्हणाले. "निसर्ग वादळात वाचनालयाचं छप्पर उडालं. मागच्या खोलीतलं सगळं भिजून लगदा झालं. तुमची पेटीही त्यातच गेली."

शमिकाचा हात खिशातल्या कागदावर होता. निसर्ग वादळात छप्पर उडालं होतं, हे खरं होतं. पण पेटी कोपऱ्यात होती आणि वाचली होती. या गणपतीच्या सुट्टीत ती तिच्यावर बसून वाचत होती. बाबांना हे माहीत होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते.

रिबेका आजींनी संगमरवरी पाटी परत रुमालात गुंडाळली. त्या रडल्या नाहीत. वादळाला कोण काय करणार, एवढंच म्हणाल्या, आणि काठी टेकत मथुराकाकूंच्या घराकडे गेल्या. थोड्या वेळानं बाबांनी मोटारसायकल काढली. दापोलीला काम आहे, असं आईला सांगून ते गेले आणि दोन तासांनी परत आले, तेव्हा न जेवता झोपून गेले.

शमिकानं त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. आपले बाबा खोटं बोलतात, हे वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करता येत नव्हतं. वर्गात पेन चोरलं म्हणून एका मुलाला सगळे चिडवत होते, तेव्हा त्याच्या बाजूनं उभं राहायला ज्यांनी तिला शिकवलं, ते हेच बाबा होते.

सकाळी विहिरीवर तिनं ऋत्विक आणि राजश्रीला सगळं सांगितलं. राजश्रीनं पहिल्यांदाच तर्क न लढवता सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सरळ विचारलं, की बाबांनाच का नाही विचारत?

"विचारलं आणि ते परत खोटं बोलले तर?" शमिका म्हणाली.

ऋत्विकनं मात्र वेगळाच विचार केला होता. एक पान पुडीत आलं, तर बाकीची पानं कुठेतरी असणारच. आजी उद्या जाणार. आधी दप्तर शोधू, कोण काय बोललं ते नंतर बघू. सहावीतल्या पोराच्या मानानं हे फार शहाणपणाचं होतं, असं राजश्रीनं कबूल केलं. घरी राजश्रीच्या मावशीकडे जातो असं सांगून तिघं नऊच्या गाडीनं दापोलीला निघाली.

स्टँडवर चिमा टोपली मांडून बसली होती. शमिकानं तिला कागद दाखवला. चिमानं तो लगेच ओळखला. चांगला जाड कागद, तेल झिरपत नाही, शाई हाताला लागत नाही, असं तिनं कौतुकानं सांगितलं. रद्दीवाल्या संदेशशेठकडून आठवड्यापूर्वी तिनं तो घेतला होता. एका जुन्या वहीची शिवण उसवली होती, त्यातली सुटी झालेली पानं त्यानं तिला दिली. बाकीची वही गोदामातच राहिली. पानं बरीचशी संपली होती. टोपलीखालच्या पिशवीत उरलेली अकरा निघाली.

"ही आम्हाला देशील?" शमिकानं विचारलं. "त्यात माणसं मेल्याची नोंद आहे."

चिमानं झटकन हात मागे घेतला. तिला वाचता येत नव्हतं. आठ दिवस आपण मेलेल्यांच्या नावांत शेंगदाणे बांधून विकले, हे ऐकून तिचा चेहरा उतरला. तिनं पानं दोन्ही हातांनी उचलून शमिकाला दिली आणि बदल्यात काही नको म्हणाली. ऋत्विक तरीही धावत जाऊन शेजारच्या पेपरवाल्याकडून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. तिचा धंदा थांबायला नको होता.

रद्दीचं गोदाम बाजाराच्या मागे, उतारावर होतं. पत्र्याची शेड, आत छपरापर्यंत रचलेले गठ्ठे. दारात टेम्पो उभा होता आणि दोन माणसं माल चढवत होती. दुपारी तो कागद कारखान्याकडे निघणार होता. संदेशशेठ खुर्चीत बसून मोबाइलवर बोलत होते. आम्हाला आत शोधायचंय, असं शमिकानं म्हणताच त्यांनी हातानंच तिला बाहेर जायची खूण केली.

"गठ्ठे बांधून झालेत. कुणालाही आत सोडत नाही मी."

शमिका मागे फिरली. पण राजश्री तिथेच उभी राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाचा शाळा सोडल्याचा दाखला आईनं चुकून एका जुन्या लाल वहीत ठेवला आणि ती वही रद्दीत गेली, असं ती सांगू लागली. उद्या त्याला कॉलेजात दाखवायचाय. बाबा त्याला घरात घेणार नाहीत. ती इतकं खऱ्यासारखं बोलत होती, की राजश्रीला दादाच नाही हे माहीत असूनही ऋत्विकला तो दाखला क्षणभर खरा वाटला.

दाखल्याचं नाव काढल्यावर शेठ विरघळले. त्यांनाही शाळेत जाणारी मुलं होती. टेम्पो भरेपर्यंत काय ते शोधा, म्हणाले, आणि परत मोबाइलकडे वळले.

आत धूळ होती आणि ओल्या कागदाचा कुबट वास. पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, बँकेच्या पावत्या, पुठ्ठे. तिघांनी गठ्ठे वाटून घेतले. बांधलेले गठ्ठे सोडायचे नव्हते, नुसत्या कडा बघायच्या. शमिकाचं लक्ष लाल रंगावर होतं, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. खोटं बोलणं किती सोपं असतं. राजश्री एका दमात बोलून गेली, आणि आपण तिला अडवलंसुद्धा नाही. बाबांनीही असंच पहिलं वाक्य बोलून टाकलं असेल, आणि मग त्यांना मागे फिरता आलं नसेल.

माणसं गठ्ठे उचलत होती आणि शेड रिकामी होत चालली होती. शेवटच्या रांगेत, जुन्या वह्यांच्या एका गठ्ठ्याच्या तळाशी ऋत्विकला खारव्याचं लाल कापड दिसलं. सुतळी सुटेना. शेवटी राजश्रीनं ती दातांनी तोडली. दप्तराचा एक पुठ्ठा निघाला होता, कोपरे दुमडले होते, पण आत पानांमागून पानं भरलेली होती. शमिकानं ते छातीशी धरलं.

"हा दाखला?"

संदेशशेठ मागे उभे होते. राजश्रीनं तोंड उघडलं, पण शमिकानं तिचा दंड धरला.

"नाही, शेठ. दाखला नव्हताच. आम्ही खोटं बोललो," ती म्हणाली. "हे माझंपण नाही. ज्यांचं आहे त्या आजी लांबून आल्यात आणि उद्या परत जाणार आहेत. यात त्यांच्या भावाचं नाव आहे."

शेठनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं.

"तू खारशेतच्या ग्रंथपालांची मुलगी ना? काल संध्याकाळी तेही हेच शोधत आले होते. लाल कापडाचं दप्तर. हात जोडत होते."

शमिकानं दप्तर आणखी घट्ट धरलं. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

शेठनी मोबाइल खिशात टाकला. टेम्पोवरची माणसंही थांबून ऐकत होती.

"माल गेला म्हणून सांगितलं," ते शेवटी म्हणाले. "बांधलेले गठ्ठे कोण सोडत बसणार, म्हणून. दिवसभराचा कंटाळा आला होता." त्यांनी खाली पडलेली तुटकी सुतळी उचलली आणि उगाचच बोटाला गुंडाळत राहिले. "घेऊन जा ते. आणि तुझ्या बाबांना सांग, मी खोटं बोललो."

परतीच्या गाडीत तिघं दप्तराची पानं जुळवत बसली. पानांना आकडे घातलेले होते. चिमाची अकरा आणि ऋत्विकच्या पुडीचं एक अशी बारा परत जागेवर बसली. मध्ये एकोणीस पानं मात्र नव्हती. ती दापोलीभर शेंगदाण्यांबरोबर गेली होती, आणि ती आता कुणालाच परत आणता येणार नव्हती.

बाबा वाचनालयात एकटेच होते. शमिकानं ऋत्विक आणि राजश्रीला बाहेर थांबवलं आणि आत जाऊन दप्तर त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाबा उभे राहिले आणि परत खाली बसले. त्यांनी कापडावरून हात फिरवला. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. तपासणीत मागची खोली अस्ताव्यस्त दिसली असती, तर वाचनालयाचा वर्ग खाली गेला असता, अनुदान घटलं असतं आणि त्यांची नोकरीही राहिली नसती. त्या गडबडीत नको ते सगळं त्यांनी रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरून दिलं. पेटीची आठवण झाली तेव्हा टेम्पो गेला होता. सत्तर वर्षांत कुणी आलं नाही, आता कोण येणार, असं त्यांनी मनाला समजावलं. आणि दहा दिवसांच्या आत रिबेका आजी ओटीवर येऊन बसल्या.

"मी काल गेलो होतो शोधायला," ते म्हणाले.

"मला कळलं. शेठनी सांगितलं."

बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर बरं वाटल्याची छटा आली. "मग आता असं करू. वाचनालयाच्या माळ्यावर सापडलं म्हणून सांगू. वादळात कुणीतरी उचलून वर ठेवलं असेल. त्यांना दप्तर मिळतंय, बाकी कशाला बोलायचं?"

शमिकाला रडू येत होतं, पण तिनं ते आवरलं.

"एकोणीस पानं कमी आहेत, बाबा. त्या विचारतील ती कुठे गेली. मग काय सांगायचं?"

खिडकीबाहेर राजश्री आणि ऋत्विक वाचनालयाच्या पायरीवर पाठ करून बसली होती. बऱ्याच वेळानं बाबा उठले, त्यांनी दप्तर उचललं, वाचनालयाला कुलूप लावलं आणि चालू लागले. शमिका मागून गेली, आणि तिच्यामागे राजश्री आणि ऋत्विक. तिला वाटलं, ते घराकडे वळतील. ते मथुराकाकूंच्या फाटकात शिरले.

रिबेका आजी अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाबांनी दप्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तपासणी, टेम्पो, कालचं वादळाचं खोटं, सगळं. मुलांनी काय केलं तेही सांगितलं. माळ्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मथुराकाकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. उद्यापर्यंत हे गावभर होणार, हे बाबांना कळत असणारच.

आजींनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"किती पानं गेली?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं," आजी म्हणाल्या. बाबांनी मान खाली घातली. काही हरकत नाही, असं आजी म्हणतील, म्हणून शमिका वाट बघत राहिली. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी दप्तर उघडलं आणि शेवटच्या पानांकडून मागे येऊ लागल्या.

बावन्न सालच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती नोंद मोठ्यानं वाचली. 'दानियेल बिन बन्याजी. वय महिने चार. खोकला. आजी मलकाबाईच्या पायथ्याशी दफन केला.' त्याखालची चौकोनी अक्षरांची ओळ त्यांनी हिब्रूत वाचली, आणि मग मात्र त्यांना पुढे बोलता येईना. शमिकानं पाणी आणून दिलं.

पण मलकाबाई कुठे होती? ते पान शोधता शोधता सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मलकाबाईची नोंद गेलेल्या पानांत आहे. आजींनी दप्तर मिटलं. इतकं जवळ येऊनही सगळं हातचं गेलं, असं शमिकाला वाटलं. बाबा तर अंगणात उभे राहिलेले जागचे हलले नव्हते.

ऋत्विक मघापासून आजींच्या खांद्यावरून पानं बघत आला होता. त्याला सड्यावरच्या बहुतेक नोंदी एकमेकींना धरून लिहिलेल्या दिसल्या. एकाच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या डोक्याशी तिसरा. त्यानं विचारलं, मलकाबाईचं नाव तिच्याच पानावर असायला हवं असं कुठेय? तिच्यानंतर गेलेल्या माणसांच्या नोंदीत तिचं नाव असू शकतं.

मग चौघं दप्तरावर वाकली. आजी वाचत होत्या, राजश्री वहीत चौकोन काढून नावं भरत होती. तासाभरानं सापडलं. 'इसाजी खारशेतकर. मलकाबाईच्या डाव्या हातास.' तो तिचा नवरा. आणि त्याच्याही मागच्या पानावर, 'हसाजी. टाकीपासून मावळतीच्या रांगेत तिसरा. पुढील जागा इसाजीसाठी राखली.' म्हणजे हसाजी तिसरा, इसाजी चौथा, मलकाबाई पाचवी. सड्यावरची खडकात खोदलेली टाकी गावातल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक होती.

उन्हं उतरत असताना सगळे वर गेले. बाबा पुढे होते. त्यांनी घरून कोयता आणला होता आणि कमरेएवढं वाळलेलं गवत ते वाटेतून कापत चालले होते. सड्यावरून खाली समुद्र दिसत होता आणि वारा गवताला झोपवत होता. टाकीपासून मावळतीला राजश्रीनं मोजायला सुरुवात केली. इतकी वर्षं जी जोती वाटत होती, त्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या माणसाएवढ्या लांब चौकटी होत्या. तिसरी. चौथी. पाचवीच्या पायथ्याशी करवंदीची जाळी माजली होती. बाबांनी ती मुळापासून छाटली. काटे हाताला लागून रक्त आलं, तरी ते थांबले नाहीत. जाळीखाली हातभर लांबीची, चार चिऱ्यांची एक लहानशी चौकट निघाली.

शमिकानं एवढुशा त्या चौकटीवरचा पाचोळा हातानं बाजूला केला. आजी खाली बसल्या, त्यांनी रुमालातून पाटी काढली आणि चिऱ्याला टेकवून ठेवली. मग खाली वाकून चिऱ्यावर तळहात ठेवला. "दानियेल," त्या म्हणाल्या, "मी रिबेका. आईनं पाठवलं मला." पुढचं त्या हिब्रूत बोलत राहिल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे तिथलाच एक खडा उचलून चौकटीवर ठेवला आणि तिन्ही मुलांनाही ठेवायला सांगितला.

उतरताना त्यांनी शमिकाच्या खांद्याचा आधार घेतला. आईला सत्तर वर्षं जे जमलं नाही ते तुम्ही तीन पोरांनी दोन दिवसांत केलंत, असं त्या म्हणाल्या. राजश्री आणि ऋत्विक खूश झाली. शमिकाला मात्र ती शाबासकी घेताना पुढे कोयता घेऊन एकटे चालणारे बाबा दिसत होते.

दुसऱ्या सकाळी गाडी यायच्या आधी मुलांनी वाचनालयात बसून उरलेल्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले. वाचनालयाचे अध्यक्षही आले. मुलांचा सत्कार करू, असं ते म्हणाले. मग त्यांनी दप्तर गावातच काचेच्या कपाटात ठेवण्याची विनंती केली. आजींनी शांतपणे नकार दिला.

"एकदा ठेवलं होतं तुमच्यावर विश्वासून," त्या म्हणाल्या. "आता माझ्याबरोबर नेते. फोटो गावाला राहू देत. सड्यावरची गुरं तेवढी त्या बाजूला सोडू नका."

मग त्या बाबांकडे वळल्या आणि दप्तर परत दिल्याचा कागद लिहून मागितला. बाबांनी टेबलाशी बसून आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: खारशेतकरांच्या सहा घरांचं दप्तर आज त्यांच्या वारस रिबेका यांना परत दिलं. त्यापैकी एकोणीस पानं वाचनालयाच्या, म्हणजे माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाली. त्यांनी सही केली.

आजींनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"खरं लिहिलंत," त्या म्हणाल्या. "आमचे मुकादम असंच लिहायचे. जसं झालं तसं."

त्यांनी आपली सही केली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. बाबांनी पेन शमिकाच्या पुढे धरलं आणि रिबेका आजी ओटीवर आल्या होत्या त्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. शमिकानं पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं. आधी आपलं, मग बाबांचं, मग आडनाव.